उलट्या हातातली काठी

मैदानाच्या कमानीखाली डोमाजी उस्ताद थांबले. आत डफडं घुमत होतं आणि निम्मं बाळापूर कुस्त्या बघायला लोटलं होतं. मातीला पहिला नमस्कार दरवर्षी उस्तादांचा. कमानीपासून मातीपर्यंत साठ-सत्तर पावलं, जमीन सगळी खड्ड्याखुड्ड्यांची. काठी टेकत गेलं तर आयुष्यभराची इज्जत जाणार आणि काठीशिवाय गेलं तर वाटेतच बसायची वेळ येणार. बहात्तराव्या वर्षी हा चांगलाच पेच होता.

इज्जत कशाची, तर दुखणं न मानण्याची. त्यांच्या आखाड्यात कुणी कण्हलं की त्याला शंभर बैठका जास्त. "माह्या पोरायले काई दुखत नाई," असं ते चारचौघांत छाती काढून सांगत. ते खोटं म्हणायला कुणाला जागाच नव्हती, कारण चाळीस वर्षांत एकाही पोराने तक्रार केली नव्हती.

म्हणून दोन वर्षांपूर्वी स्वतःचा उजवा गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा त्यांनी पहेलवानाला शोभेल असाच इलाज केला. रोजच्या दोनशे बैठका चारशेवर नेल्या. गुडघा सुजून टम्म झाला, तरी गडी हटेना. शेवटी एका सकाळी न्हाणीतल्या पाटावरून उठताच येईना. मग त्यांच्या बायकोने, जाईबाईने, चार शब्द सुनावले आणि त्यांना अकोल्याच्या एसटीत बसवलं.

दवाखान्यात व्यायाम शिकवायला नीलम नावाची पोरगी होती. उस्तादांनी एका हाताने उचलली असती, एवढीशी. तिने एक्स-रे उजेडात धरला.

"बाबा, दोन हाडांच्या मधातली गादी झिजली. ती काही परत येत नाही. पण मांडी मजबूत केली तर भार मांडी घेते. बैठका बंद. पाठीवर झोपायचं, पाय सरळ उचलायचा, वर दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. असं दहा वेळा."

"दहा?" उस्ताद हसले. "दहा त लेकरूबी करते."

सहाव्याला त्यांची मांडी थरथरली आणि आठव्याला घाम फुटला. नीलम हसली नाही, त्यामुळे ती त्यांना तिथेच आवडली.

मग तिने विचारलं, "तरुणपणी या गुडघ्याला कधी मार लागला होता का?"

"नाई," उस्ताद म्हणाले. ते साफ खोटं होतं. चोविसाव्या वर्षी अमरावतीच्या कुस्त्यांच्या दंगलीत सुजलेला गुडघा पट्टीने आवळून ते लढले होते आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. त्या पट्टीखाली काय होतं, हे त्यांनी जाईबाईलाही कधी सांगितलं नव्हतं.

पण माणूस शिस्तीचा. सहा महिने रोज खोलीचं दार लावून त्यांनी तो लेकराचा व्यायाम केला. ताटातली एक भाकर कमी केली आणि सहा किलो उतरवले. खाली बसणं सोडलं, खुर्ची धरली. रात्रीचं ठणकणं थांबलं. काठी मात्र ते उजव्या हातात, दुखऱ्या बाजूलाच धरत. नीलमने ती काढून डाव्या हातात दिली. "उलट्या हातात, बाबा. दुखरा पाय आणि काठी संगं पुढे टाका." दोन पावलं टाकली आणि उस्ताद जागीच थबकले. वजन एका अंगावरून दुसऱ्या अंगावर काढायचं, हेच तर ते जन्मभर शिकवत आले होते. "हा त डाव होय!" ते म्हणाले. तरीही ती काठी त्यांनी आजपर्यंत अंगणाबाहेर नेली नव्हती.

माईकवर त्यांचं नाव पुकारलं गेलं. उस्तादांनी काठी डाव्या हातात घट्ट धरली आणि निघाले.

डफडं आपोआप मंदावलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि गप्प झालं. बाकावर बसलेले त्यांचे नऊ पहेलवान उठून उभे राहिले. उस्ताद मातीपर्यंत पोचले, पण वाकले नाहीत. उभ्यानेच त्यांनी हात छातीला लावला.

"उस्ताद, काठी कावून?" माईकवाल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

उस्तादांनी माईक हातात घेतला. "गुडघा दुखते म्हणून. चोविसाव्या वर्षीच सुजला होता. म्या लपवला अन् लढलो. तवा तुमी टाळ्या वाजवल्या, आज मी भोगून राहिलो."

हजारभर माणसांपुढे हे बोलायला छाती लागते, आणि ती त्यांच्याकडे होती. टाळी मात्र एकही पडली नाही. उस्ताद मनातून खचले. सगळं गेलं, असंच त्यांना वाटलं.

तेवढ्यात ललित पुढे आला. आखाड्यातला सगळ्यात तयार गडी, शेवटची मोठी कुस्ती त्याचीच होती. त्याने पँटचा पाय वर ओढला. गुडघ्याला पट्टी आवळलेली होती.

"दीड महिना झाला, उस्ताद," तो खालमानेने म्हणाला. "तुमच्या भेवानं बोललो नाई."

उस्तादांनी पंचांना बोलावलं आणि ललितची कुस्ती रद्द करून टाकली. मग ते बाकाकडे वळले. तिथे आता आठ जण उभे होते, सगळे त्यांनीच घडवलेले. माईक खाली करून उस्तादांनी विचारलं.

"अजून कोणाचं काई दुखते?"

सात हात वर झाले.