पहिला मान

कुंदाताईंनी हार घालताच शेजारचे सरपोतदार फुलले. पेट्रोलमध्ये कापूर नि डांबरगोळ्या विरघळवून केलेलं त्यांचं घरगुती औषध सोसायटीत घरोघर खपलं होतं. ॲव्हरेज वाढणार, इंजिन लख्ख होणार! त्याच औषधानं ताईंची डबे पोचवायची स्कूटर कायमची बसली. वर "बाईला वापरताच येत नाही," असं हे गावभर सांगत सुटले.

"चुकलंच माझं, भाऊ," ताई गोड हसल्या. "आज सगळे बाटल्या घेऊन आलेत. पहिला मान तुमच्या नव्या गाडीला!"

टाळ्या पडल्या. सरपोतदारांनी कसनुसं हसत टाकीचं झाकण उघडलं. तेवढ्यात गॅलरीतून त्यांची बायको किंचाळली, "अहो, आपल्या गाडीत नको!"

एकेकानं पुढे होऊन आपली बाटली त्यांच्या बोनेटवर ठेवली. कुंदाताईंनी त्यांचा वाकडा झालेला हार तेवढा नीट केला.