आजीच्या काड्या

आजीची राख निवली होती. “उचल की आता, ऊन चढायलंय,” काका म्हणाले. महिनाभर दवाखान्यात बसून बाबा अन् मी इतके दमलो होतो, की रडायचंही त्राण नव्हतं. मी पिशवीतून बांबूच्या काड्यांचे दोन जोड काढले, एक बाबांना दिला. आजी जपानहून विहार बांधायला आली अन् आजोबांशी लग्न करून मुखेडचीच झाली. भजी मात्र ती या काड्यांनीच तळायची, आम्हालाही काड्यांनीच खायला लावायची. तिच्या काड्यांतलं भजं मी परस्पर माझ्या काड्यांनी धरलं, की हातावर फटका बसायचा. “आमच्याकडं असं फक्त मेलेल्याची हाडं देतेत, लेकरा. ताटलीत ठिवते, मग घे.” मी एक हाड काड्यांनी उचलून पुढं केलं. बाबांनी त्यांच्या काड्यांनी ते धरलं अन् मडक्यात ठेवलं. सवयीनं माझा हात आखडला. फटका बसलाच नाही.