रोख की कार्ड

परदेशी चलन देणाऱ्या खिडकीमागे ती बावीस वर्षं बसत होती. तोच पाठ दिवसातून तीसदा म्हणून तिची जीभ पार झिजली होती. दुपार कलता कलता एक म्हातारे शिंपीकाका काकूंना घेऊन आले. काकू मागच्या खुर्चीत टेकल्या त्या टेकल्याच.

"लेकाकडे निघालोय. महिनाभर," काका म्हणाले.

तिने पाठ सुरू केला. "काका, रोख असली की उतरल्या उतरल्या टॅक्सीला, चहापाण्याला हाताशी असते, पण हरवली की गेली. कार्ड हरवलं तर फोन करून बंद करता येतं. थोडं हे, थोडं ते न्या, आणि सगळं एकाच पिशवीत ठेवू नका."

काका मान डोलवत होते. नवीन ऐकल्यासारखी नव्हे, पाठ असल्यासारखी.

"याआधी नेलं होतंत का?" तिने विचारलं.

"दोनदा घेतलं, इथूनच. एकदा रोख, एकदा कार्ड."

"मग तुम्हीच सांगा, तिकडे कशाने सोय झाली?"

"तिकडे जाणं कुठे झालं, ताई. दोन्ही वेळा आठवडा उरला असताना त्याचा फोन आला. बाबा, सध्या नको, पुढच्या वर्षी बघू म्हणाला."

काकांनी वळून काकूंकडे पाहिलं. त्यांचा डोळा लागला होता. तरीही काकांनी आवाज खाली आणला.

 

"परत करताना ज्यात कमी कापलं जातं, ते द्या."