नाटक सुटल्यावर

सुरतच्या कॉलेजातल्या त्या नाटकात चंचल ज्यू मुलीचं काम करत होती, युद्धात खोट्या नावानं लपलेली. नाक्यावरचा शिपाई तिच्या पकडल्या गेलेल्या आईला विचारतो, “ही तुझी कोण?” आई मान वळवते. “मी हिला ओळखत नाही.” म्हणून मुलगी वाचते.

शेवटच्या रांगेत चंचलच्या आजीनं, सरलाबाईंनी, पदर तोंडाशी धरला. नातीनं येऊ नको म्हटलं होतं, तरी त्या नवागामच्या कामगार वस्तीतून आल्या होत्या. कॉलेजात चंचल फक्त गुजराती बोलायची, घर अडाजणच्या श्रीमंत वस्तीत आहे असं सांगायची. कापडाच्या लूमवर राबणारं आपलं खानदेशी घर तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

नाटक सुटलं आणि फाटकाशी दोघी समोरासमोर आल्या. चंचलचा चेहरा उतरला.

“बा, तुम्ही हिच्या कोण?” तिच्या मैत्रिणींपैकी एकीनं आजीबाईंना गुजरातीत विचारलं.

“मी नाही ओळखत हिला,” म्हणत सरलाबाई मान वळवून चालू लागल्या.

चंचल धावली. भर फाटकात आजीला मिठी मारून मोठ्यानं घरच्या अहिराणीत म्हणाली, “हाई मन्ही आजी शे!”

सरलाबाईंनी घाबरून मैत्रिणींकडे पाहिलं.

“हळू बोल माय, त्या आयकतीन.”