मालनचा हौद

"अण्णा, आज कोरडा दिवस. गल्लीत सगळ्यांनी साठवलेलं पाणी ओतलं. तुमचाच हौद राहिलाय," आरोग्य खात्याची आशाताई सुगंधा परसात येऊन म्हणाली. गावात डेंग्यूची साथ होती. शेजारच्या पारूची लेक दवाखान्यात होती.

"घर माझं, पाणी माझं," मी म्हणालो. हौद माझ्या बायकोने, मालनने भरला होता. भरून झाल्यावर ती पायरीवर टेकली, ती उठलीच नाही. तेव्हापासून मी त्यात दुसरा थेंब पडू दिला नव्हता. घरात बसवत नव्हतं. दिवसभर उठून पाणी बघून यायचो.

सुगंधाने वाकून अळ्या दाखवल्या. "डासाला काय ठाऊक, पाणी कुणी भरलंय?"

कुंपणापलीकडे पारू उभी होती. भांडली असती तर मीही भांडलो असतो. ती नुसती बघत राहिली. मी हौदाचा बोळा काढायला वाकलो.

"थांबा," सुगंधा म्हणाली. विहिरीत सोडायला आणलेले बरणीतले गप्पी मासे तिने हौदात सोडले. "हे अळ्या खातात. पाणी राहू दे. पण मासे मेले, तर मी मालनवहिनींचंही ऐकणार नाही."

ऑक्टोबरच्या उन्हाने पाणी उतरत गेलं. मासे तळाशी दाटीने फिरू लागले. भरलेली कळशी घेऊन मी हौदापर्यंत जायचो आणि तशीच परत आणायचो.

आज पारू कुंपणाशी आली. "लेक घरी आली, अण्णा. आता तेवढे मासे मारू नका."

मी कळशी ओतली. मासे वर आले. मी दुसरी भरायला वळलो.