शेवटच्या रांगेतून

दोब्रिनने फोटो काउंटरवर ठेवला. शाळेचं स्टेज, हात धरून नाचणाऱ्या बारा मुली. डावीकडून चौथी त्याची मुलगी, नेव्हेना. चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट डाग.

नेव्हेना जाऊन उद्या चाळीस दिवस होणार होते. त्या दिवशी दारावर श्रद्धांजलीचा कागद चिकटवायची तिकडची रीत, त्यावर फोटो लागतो, आणि तिच्या आईला, राडोस्तिनाला, हाच हवा होता. बाकी सगळ्या फोटोंत पोरगी वाकडे दात लपवायला ओठ मिटून उभी. हसली होती ती फक्त नाचताना.

कॅमेऱ्याच्या दुकानाच्या मालकिणीने, झ्लातिनाने, फोटो कॉम्प्युटरवर घेऊन मोठा केला, बराच वेळ खटपट केली. यांबोल शहरातली दुसरी दोन दुकानं आधी पालथी घातली, असं दोब्रिनने सांगितलं. इथे यायचं त्याने टाळलं होतं.

"लेन्सने जे टिपलंच नाही, ते मी कुठून आणू?" ती म्हणाली.

लेन्स त्याने तिच्याकडूनच नेली होती, नाताळच्या आधी. अर्धा तास दोन लेन्स हातात धरून उभा होता. एक हौशी लोकांची, अडीचशे लेव्हची. दुसरी धंदेवाईक फोटोग्राफरांची, सव्वीसशेची. हिची काच मोठी, अंधारातही उजेड खेचते, असं तिने समजावलं होतं. वर्षातून एक नाच, त्याला एवढी काच कशाला, म्हणून तो हसला होता आणि स्वस्तातली घेऊन गेला होता.

आता त्याने ती महागडी लेन्स बघायला मागितली. हातात घेऊन तिची काच उजेडाकडे धरली.

"शेवटच्या रांगेतून हिच्यात चेहरा आला असता का?"

हॉलमध्ये दिवे कमी होते, मुली गिरक्या घेत होत्या, असं काहीबाही ती सांगू लागली.

"खरं सांगा, झ्लातिनाताई."

"आला असता."

त्याने मान हलवली. लेन्सवर उठलेले बोटांचे ठसे बाहीने पुसले आणि ती परत दिली. दारापर्यंत जाऊन तो मागे वळला.

"घरी मी सांगितलंय, दोन्ही लेन्स सारख्याच, जास्तीचे पैसे नुसते कंपनीच्या नावाचे. राडोस्तिना कधी विचारायला आली, तर तुम्हीही तेच सांगा. एवढं करा."

झ्लातिना लेन्सवर झाकण बसवत होती. ते नीट बसेना.

"त्या काल येऊन हेच विचारून गेल्या," ती म्हणाली.