लाल जाकिटाच्या डावीकडे

ज्या वर्षी थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी विमानतळाच्या रखवालदाराने नगरपालिकेच्या भर सभेत खोटं सांगितलं.

"धावपट्टी खालून पोकळ झालीय," तो म्हणाला. "एखादं विमान आत जाईल."

नगराध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "अहो, पट्टी तुमच्याच ताब्यात ना? मग इतकी वर्षं तिथे माशा मारत होता काय?"

"चूक माझीच," तो मान खाली घालून म्हणाला.

सभागृहात हशा पिकला. पट्टी बघायला कुणी गेलं नाही. सगळ्यांना निमित्तच हवं होतं. हात वर झाले आणि विमानतळ बंद झाला.

पट्टीला काहीही झालेलं नव्हतं. भेगेत गवताची काडी उगवली तरी तो गुडघे टेकून उपटायचा. त्याच्या बापाच्या काळात तिथे टपाल उतरायचं, औषधं उतरायची, एकदा तर मुहूर्त गाठायला अख्खा नवरदेव उतरला होता. पुढे रस्ता रुंद झाला आणि विमानं आटली. उरलं एकच. त्याच्या सख्ख्या मामांचं, दोन माणसांपुरतं, जुनं. उड्डाणं थांबली तर विमानतळ मोडीत काढायचा, असा ठराव होता. म्हणून मामा पिकल्या वयात रोज सकाळी वर जायचे, एक घिरटी घालायचे आणि उतरायचे. रखवालदार लाल जाकीट चढवून पट्टीच्या टोकाला, उजव्या कडेला उभा राहायचा आणि गुरं हाकलायचा. मामा उतरले की त्याची नोकरी आणखी एक दिवस जगायची.

थोरलीचं लग्न ठरवायला पाहुणे यायचे होते, त्या सकाळी तो नवा मातकट सदरा घालून आला. जाकीट घरी खुंटीलाच राहिलं. मामांचं विमान पट्टी सोडून गवतात उतरलं आणि हिसके खात कुंपणापाशी थांबलं.

"गवताला गुदगुल्या करून आलो!" मामा हसत म्हणाले. पण खाली उतरताना आधार शोधणारा त्यांचा हात हवेतच चाचपडत राहिला. रखवालदाराने ते पाहिलं.

बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. पण लग्न तोंडावर आलेलं आणि घर चालायचं विमानतळाच्या पगारावर. तो मूग गिळून बसला. लग्न लागेपर्यंत रोज सकाळी जाकीट घालून, जीव मुठीत धरून उभा राहिला. रोज स्वतःला शिव्या दिल्या आणि रोज गुरं हाकलली.

लग्न उरकलं आणि तो सभेला गेला. मामांना दिसत नाही, हे चारचौघांत सांगायला त्याची जीभ रेटली नसती. म्हणून त्याने पट्टीला बदनाम केलं.

सभेहून तो थेट पत्र्याच्या शेडमध्ये आला. मामा फडक्याने विमानाची काच पुसत होते.

"मामा, पट्टी बंद केली. खालून खचलीय."

"पट्टी? तुझ्या हातची पट्टी कशी खचेल?" मामांचं फडकं थांबलं. "ते जाऊ दे. थोरली सुखात आहे ना?"

"आहे."

"मग सुटलो बाबा." मामा विमानाच्या चाकाला टेकून खाली बसले. "दोन वर्षं झाली, वरून मला पट्टी दिसतच नाही. नुसतं धुकं. तुझं लाल जाकीट तेवढं दिसायचं. त्याच्या डावीकडे चाकं टेकवायची, की झालं. त्या दिवशी कसला सदरा घातला होतास रे लेका?"

रखवालदार त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला. "मग उडत कशाला होता, मामा?"

"तुझी पोरगी उजवायची होती ना! मी थांबलो असतो तर तुझी नोकरी गेली असती." मामा हसले. "आणि तुलाही कळलं होतंच की, त्या गवताच्या दिवशी. तूही गप्प, मीही गप्प. मामा-भाचे शोभतो खरे."

मामांच्या बोलण्यात राग असता तर त्याला ते सोसलं असतं. राग नव्हता.

जाकीट नगरपालिकेने परत मागितलं नाही. पुढच्या वर्षी मामा अंथरुणाला खिळले. नजर जवळजवळ गेलीच होती. रखवालदार रोज सकाळी येऊन त्यांच्या उजव्या अंगाला बसायचा, ऐन उन्हाळ्यात, जाकिटाची सगळी बटणं लावून. शेजारीपाजारी हसायचे. मामा तेवढी मान त्याच्याकडे वळवायचे.

थोरलीला मुलगा झाला, त्याच आठवड्यात, सकाळच्या उड्डाणाच्या वेळेला मामा गेले.